ऐकू येते, पण कळत नाही : घरातील ध्वनिक्षेपकांची निवड

लग्नसराईच्या दिवसांत कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या वाडीवर मुक्कामाचा योग आला, तर रात्री अंगणात उभे राहून जरा कान देऊन ऐका. उल्हास नदीच्या किंवा पाताळगंगेच्या पलीकडे कुठेतरी वाजंत्री चालू असते. तुमच्या कानांपर्यंत काय पोहोचते? ढोलाचा 'धूम धूम' असा ठोका तेवढा येतो. ताशाची तडतड, सनईचे सूर, गाण्याचे शब्द वाटेतच हरवलेले असतात.

आता घरात या आणि खिशात मावेल एवढा रेडिओ लावा. त्यावर ढोल वाजला तर तो डबा बडवल्यासारखा वाटतो, पण बातम्या सांगणाऱ्याचा शब्द न् शब्द कळतो.

एकाच कानाला एकीकडे नुसता ठोका ऐकू येतो आणि दुसरीकडे नुसते शब्द, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर घरात चित्रपट पाहण्यासाठी जी ध्वनियंत्रणा घेतात, म्हणजे होम थिएटर, तिची निवड कशी करावी हेही समजेल. आज पुष्कळ घरांत अशी यंत्रणा आलेली आहे. तिच्या दणक्याने खिडक्यांची तावदाने थरथरतात, पण कोपऱ्यात बसलेली आजी म्हणते, "आवाज येतो रे, पण काय बोलतात ते कळत नाही." मग घरातले आवाज वाढवतात. आजीला तरीही कळत नाही, शेजाऱ्यांची मात्र झोपमोड होते. आजीची तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. कशी, ते पाहू.

शब्द कोठे राहतात?

कोणताही ध्वनी कंपनांपासून निर्माण होतो. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे कंप्रता. तुमच्या पुस्तकात तिला वारंवारता म्हटले असेल. तिचे एकक हर्ट्झ. माणसाचा निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू शकतो.

काही ओळखीच्या खुणा लक्षात ठेवा. रस्त्यावरील विजेच्या रोहित्राजवळ 'हुंऽऽ' असा घुमारा ऐकू येतो ना? खालापूर तालुक्यात खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि कर्जत तालुक्यात भिवपुरीचे १९२२ साली. घाटावरील तलावांचे पाणी खाली सोडून तेथे वीज निर्माण होते. आपल्या घरात येणारी प्रत्यावर्ती वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात रोहित्राचा गाभा दोनदा ताणला जातो, म्हणून त्याचा मुख्य घुमारा १०० हर्ट्झचा असतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर याच्याच आसपास, सुमारे १०० ते १३० हर्ट्झ असतो. स्त्रियांचा सुमारे २०० हर्ट्झ. पेटीच्या मधल्या सप्तकातील पांढरी एक सुमारे २६० हर्ट्झची असते.

पण बोलणे म्हणजे केवळ मूळ स्वर नव्हे. साप, ताप, बाप, माप, शाप, थाप, छाप, धाप हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. सर्वांत 'आ' हा स्वर आहे आणि शेवटी 'प' आहे. शब्दाशब्दांत फरक पाडते ते पहिले व्यंजन. आणि ते तर सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते. स्वरांची बरीचशी शक्ती १,००० हर्ट्झच्या खाली असते, तर स, श, त, छ, फ यांसारख्या व्यंजनांच्या खुणा सुमारे २,००० हर्ट्झच्या वर सापडतात. स्वर आवाजाला भरीवपणा देतात आणि व्यंजने शब्दाला अर्थ देतात.

मराठीत तर आणखी एक बारकावा आहे. 'चार' मधला च आणि 'चमचा' मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, पण वेगळे उच्चारतो. 'चमचा' म्हणताना जीभ दातांजवळ येते आणि हवेच्या घर्षणाचा आवाज अधिक उंच कंप्रतेचा होतो. ध्वनिक्षेपकाने ही उंच कंप्रता गिळून टाकली, तर दोन्ही च सारखेच वाटू लागतात.

दूरध्वनी यंत्रणा उभारणाऱ्या अभियंत्यांना हे गणित फार पूर्वी उमगले होते. साध्या दूरध्वनीतून केवळ ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवला जातो. तेवढ्यावर माणूस ओळखू येतो आणि बोलणेही कळते. खिशातल्या रेडिओचे रहस्य हेच आहे.

निसर्गानेही या पट्ट्याला झुकते माप दिले आहे. कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. ही नळी एका टोकाला बंद आहे. बंद नळीतील अनुस्पंदनाचे सूत्र तुम्ही शिकला आहात : कंप्रता = ध्वनीचा वेग ÷ (४ × लांबी). ३४३ ला ०.१० ने भागा. उत्तर येते सुमारे ३,४०० हर्ट्झ. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली कानाच्या संवेदनशीलतेचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांतही कान सर्वांत तीक्ष्ण आढळला तो याच भागात.

म्हातारपणी प्रथम कमी होते ती उंच कंप्रता ऐकण्याची शक्ती. 'आ' ऐकू येतो, पण त्याच्या आधी स होता की त, हे कळत नाही. म्हणून आजीला आवाज येतो आणि शब्द कळत नाही.

नदीपलीकडचा ढोल

दूरचा ढोल ऐकू येण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे, उंच कंप्रतेचा ध्वनी हवेत अधिक शोषला जातो. दुसरे तरंगलांबीशी निगडित आहे. ध्वनीच्या वेगाला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर, १,००० हर्ट्झची ३४ सेंटिमीटर आणि १०,००० हर्ट्झची केवळ ३.४ सेंटिमीटर. लांब तरंग झाडे, घरे, टेकाडे यांना वळसा घालून पुढे जातात. आखूड तरंग अडवले जातात. ध्वनिक्षेपकाची निवड करताना या तीन तरंगलांब्या सतत उपयोगी पडतात.

एकाच शंकूला सगळे का जमत नाही?

जुना बिघडलेला स्पीकर मिळाला तर उघडून पाहा. मागे गोल चुंबक, त्याच्या फटीत तारेचे हलके वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू, एवढीच त्याची रचना. वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्रामुळे त्यावर बल पडते, ते मागेपुढे हलते आणि शंकू हवेला ढकलतो. अशा ध्वनिक्षेपकाची आजची रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली मांडली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९३१ साली, मुंबईत 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. पडद्यामागून पात्रे बोलू लागली ती याच युक्तीने.

शंकूपुढे दोन अडचणी असतात. तेवढाच मोठा आवाज काढायचा असेल तर कंप्रता निम्मी होताच शंकूला चौपट अंतर हलावे लागते. १,००० हर्ट्झला शंकू ०.०१ मिलिमीटर हलत असेल, तर १०० हर्ट्झला त्याला १ मिलिमीटर आणि ५० हर्ट्झला ४ मिलिमीटर हलावे लागेल. म्हणून खालच्या आवाजांसाठी मोठा शंकू हवा. तो एका वेळी अधिक हवा ढकलतो.

पण मोठा शंकू वरच्या आवाजांना नालायक ठरतो. शंकूचा परीघ तरंगलांबीएवढा झाला की आवाज सर्वत्र पसरण्याऐवजी विजेरीच्या झोतासारखा समोर जाऊ लागतो. १२ इंची स्पीकरच्या हलणाऱ्या भागाचा व्यास २५ सेंटिमीटर धरा. परीघ ७८.५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४४० हर्ट्झपासूनच झोत अरुंद होऊ लागतो आणि दुप्पट-तिप्पट कंप्रतेला तो चांगलाच जाणवतो. ५ इंची स्पीकरच्या १० सेंटिमीटर व्यासाच्या शंकूसाठी हीच मर्यादा सुमारे १,१०० हर्ट्झ येते. अडीच सेंटिमीटरच्या घुमटासाठी ती सुमारे ४,४०० हर्ट्झ येते.

यावर उपाय म्हणजे कामाची वाटणी. मोठा वूफर मंद्र आवाज सांभाळतो, लहान ट्वीटर तार आवाज आणि दोहोंमधील साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झचा पट्टा मिडरेंज म्हणजे मध्यस्वरी ध्वनिक्षेपक सांभाळतो. मंद्र, मध्य, तार हे शब्द आपण गाण्यातून उसने घेतले आहेत. गाण्यातील सप्तकांचे आकडे मात्र वेगळे. बोलण्याचा गाभा या मधल्या भावंडाकडे असतो, हे आता तुमच्या ध्यानात आलेच असेल.

ही वाटणी करणारे मंडल साधे असते. तारेचे वेटोळे उंच कंप्रतेला अडवते, धारित्र खालच्या कंप्रतेला अडवते. ८ ओहमच्या मिडरेंजला ५०० हर्ट्झच्या खालचे आवाज नको असतील, तर त्याच्याशी एकसरीत सुमारे ४० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडावे. ३,००० हर्ट्झच्या वरचे नको असतील, तर सुमारे ०.४२ मिलिहेन्रीचे वेटोळेही जोडावे. त्या त्या कंप्रतेला या घटकांचा रोधही ८ ओहमच होतो. सूत्र वापरून पडताळून पाहा. स्पीकरचा रोध सर्व कंप्रतांना एकसारखा नसतो, म्हणून हे उत्तर अंदाजाचे समजावे. शिवाय येथे धन-ऋण टोके असलेले धारित्र चालत नाही, कारण प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो.

दुकानात काय पाहावे?

वॉटचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. काही पेट्यांवर 'पीएमपीओ' असे लिहून हजारो वॉट छापलेले असतात. तेव्हा मागची वीजजोडणी पाहा. तेथे १२ व्होल्ट, २ अँपिअर असे लिहिले असेल, तर सगळ्या यंत्रणेला मिळणारी शक्तीच २४ वॉट आहे. तिच्यातून सतत दोन हजार वॉट बाहेर पडणार कसे? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम दुकानातही लागू असतो.

त्यापेक्षा संवेदनशीलता पाहा. १ वॉट शक्ती दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हा तो आकडा. दर ३ डेसिबलला शक्ती दुप्पट लागते. म्हणून ८५ डेसिबलच्या स्पीकरला जे काम करायला ४ वॉट लागतील, ते ९१ डेसिबलचा स्पीकर १ वॉटमध्ये करील.

मिडरेंज निवडताना १० ते १३ सेंटिमीटरचा, म्हणजे ४ ते ५ इंची शंकू घरासाठी सोयीचा. त्याचा आलेख मिळाला, तर ३०० ते ३,००० हर्ट्झच्या दरम्यान मोठे खड्डे किंवा उंचवटे नाहीत ना, ते पाहा. त्याला पेटीत स्वतंत्र बंद कप्पा हवा. तसा नसेल तर वूफरच्या प्रत्येक दणक्याबरोबर पेटीतील हवा मिडरेंजचा शंकू मागून ढकलते आणि संवाद गढूळ होतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. तीन स्पीकरची पेटी दोन स्पीकरच्या पेटीपेक्षा चांगलीच असते असे नाही. १९७० च्या दशकात बीबीसीने आपल्या फिरत्या ध्वनिमुद्रण गाड्यांसाठी एलएस ३/५ए नावाची लहानशी पेटी तयार केली. तीत ५ इंची एकच शंकू मंद्र आणि मध्य अशी दोन्ही कामे करीत असे आणि वर एक ट्वीटर होता. माणसाचे बोलणे स्वच्छ ऐकवण्याबद्दल ती नावाजली गेली. लहान खोलीत आणि थोड्या पैशांत चांगली दोनपदरी पेटी वाईट तीनपदरी पेटीपेक्षा केव्हाही बरी.

आपल्या भागातील हवेचाही विचार हवा. कर्जत-खालापूरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत शंकूभोवतीची फोमची कड काही वर्षांत भुगा होऊन गळते. रबराची कड अधिक टिकते. उघडा कागद ओल धरतो, म्हणून लेप दिलेला कागद किंवा पॉलिप्रॉपिलीनचा शंकू घ्यावा. लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी ओलीने फुगते. तिच्या कडा बंद केलेल्या आहेत का, तेही पाहा आणि पेटी भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा.

मधली पेटी आणि बाजूची खुर्ची

कर्जत-चौक रस्त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारलेला चित्रपटांचा स्टुडिओ तुमच्यापैकी काहींनी बाहेरून तरी पाहिला असेल. 'जोधा अकबर'चे किल्ले आणि महाल तेथेच उभे राहिले होते. अशा चित्रपटाचे ध्वनिमुद्रण अखेर निरनिराळ्या वाहिन्यांत वाटले जाते. ५.१ पद्धतीत समोर डावी, मधली आणि उजवी, तसेच मागे किंवा बाजूला दोन अशा पाच पूर्ण वाहिन्या असतात, '.१' ही केवळ १२० हर्ट्झपर्यंतच्या दणक्यांसाठी असते. यांपैकी बहुतेक सगळे संवाद मधल्या वाहिनीत असतात. म्हणून पैसे मोजके असतील, तर सर्वांत चांगला मिडरेंज मधल्या पेटीत हवा.

गंमत अशी की नेमकी हीच पेटी बहुधा चुकीच्या आकाराची असते. दूरदर्शन संचाखाली मावावी म्हणून ती आडवी करतात आणि दोन टोकांना दोन सारखे शंकू बसवतात. या दोन शंकूंमध्ये ३० सेंटिमीटर अंतर आहे असे समजा. तुम्ही बरोबर समोर बसलात तर दोन्हींचे तरंग एकदमच पोहोचतात. पण तुमची ताई ३० अंश बाजूला, म्हणजे दोन मीटर दूरच्या मधल्या खुर्चीपासून सुमारे १.१५ मीटर अलीकडे बसली, तर दूरच्या शंकूचा तरंग तिच्याकडे सुमारे १५ सेंटिमीटर अधिक अंतर कापून येतो. ज्या ध्वनीची तरंगलांबी ३० सेंटिमीटर आहे, त्याच्यासाठी हे अंतर बरोबर निम्म्या तरंगाचे. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर पडतो आणि दोघे एकमेकांना पुसून टाकतात. ही कंप्रता निघते सुमारे १,१५० हर्ट्झ, म्हणजे ऐन बोलण्याच्या पट्ट्यात! ज्या पेटीत एक लहान मिडरेंज आणि त्याच्या वर उभ्या रेषेत ट्वीटर असतो, तिच्यात ही अडचण येत नाही. तशी पेटी न मिळाल्यास आजीला मधल्या खुर्चीवर बसवावे. याला एक पैसाही लागत नाही.

खोलीही वाजत असते

५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी सिमेंटची रिकामी खोली घ्या. तिचे घनफळ ६० घनमीटर आणि सहा पृष्ठांचे क्षेत्रफळ ९४ चौरस मीटर. गुळगुळीत भिंत तिच्यावर पडलेल्या ध्वनीचा सुमारे ३ टक्के भाग शोषते. म्हणजे एकूण शोषण सुमारे २.८ एकक. वॉलेस सॅबाइन या अमेरिकी प्राध्यापकाच्या सूत्रानुसार आवाज विरायला लागणारा वेळ = ०.१६ × घनफळ ÷ शोषण. उत्तर येते सुमारे ३.४ सेकंद. एवढ्या वेळात पुढची आठ-दहा अक्षरे बोलून होतात आणि जुन्या स्वरांच्या घुमाऱ्यात नवी व्यंजने बुडून जातात.

आता खोलीत १६ चौरस मीटर जाड पडदे, गाद्या, गोधड्या आणा. त्या निम्मा ध्वनी शोषतात असे धरू. सहा माणसे बसली, तर प्रत्येकी सुमारे अर्धे एकक. शोषण १३.८ पर्यंत गेले आणि वेळ ०.७ सेकंदावर आला. हजारो रुपयांचा नवा स्पीकर जे करू शकला नसता, ते गोधड्यांनी केले!

पत्र्याच्या छपरावर पावसाच्या सरी कोसळू लागल्या की मात्र सर्व कंप्रतांचा मिळून एक आवाज होतो आणि दुबळी व्यंजने त्याखाली झाकली जातात. अशा वेळी मंद्र आवाज वाढवण्यात अर्थ नाही. उलट मंद्र कमी करावा, मध्य व तार थोडे वाढवावेत आणि पेटी जवळ घ्यावी. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की ६ डेसिबल मिळतात. खोलीत थोडे कमी, पण फुकट.

शाळेत करून पाहा

तीन गट करा.

पहिला : साप, ताप, बाप, माप, शाप, थाप, छाप, धाप, पाप, काप.
दुसरा : पाट, ताट, थाट, खाट, घाट, लाट, वाट, दाट, भाट, चाट.
तिसरा : सार, चार, तार, हार, फार, वार, धार, गार, भार, मार.

एका विद्यार्थ्याने प्रत्येक गटातील शब्द उलटसुलट क्रमाने स्पष्टपणे वाचावेत आणि ते मोबाइलवर मुद्रित करावेत. दोन शब्दांत तीन सेकंदांची विश्रांती असावी. हे मुद्रण ज्या ध्वनिक्षेपकाची परीक्षा करायची त्यातून ऐकवा. ऐकणाऱ्यांनी पाठ करून बसावे आणि शब्द लिहावेत. नुसत्या अंदाजाने लिहिले तर दहांत सरासरी एक बरोबर येईल, हे ध्यानात ठेवा. मग मधली जागा, कडेची जागा, पंखा चालू, पंखा बंद, खिडक्यांना पडदे, पडदे काढून, असे एका वेळी एकच बदल करीत प्रयोग करा. प्रत्येक वेळी शब्दांचा क्रम बदला, म्हणजे पाठांतराचा फायदा मिळणार नाही. आवाजाची पातळी मात्र सर्व वेळी सारखी ठेवा. नाहीतर मोठा वाजणारा स्पीकरच चांगला, अशी फसगत होते. कोणते शब्द अधिक चुकले तेही नोंदवा. 'साप' च्या जागी 'ताप' आला असेल तर उंच कंप्रता कमी पडली, अशी शंका घेता येते.

याच प्रयोगात घरातील वडीलधाऱ्या माणसांनाही बसवा. त्यांचे गुण कमी आले तर त्यांचे लक्ष नव्हते असे समजू नका. आवाजाचे बटण न फिरवता, केवळ जागा, पडदे आणि मध्यस्वर बदलून त्यांचे गुण किती वाढवता येतात, ते पाहा. आपल्याकडील नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० नंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा हा मार्ग शेजाऱ्यांनाही सोयीचा. दीर्घकाळ ८५ डेसिबलच्या वर ऐकत राहिल्यास तरुण कानांचीही उंच कंप्रता ऐकण्याची शक्ती जाते, आणि ती परत येत नाही.

शिक्षकांनी हाच प्रयोग शाळेच्या सभागृहात जरूर करावा. शेवटच्या रांगेतील मुले का बोलत बसतात, याचे एक उत्तर कदाचित त्या गुणपत्रिकेत सापडेल.